टाळूमास्तर

पहाटे बागेत ताय-ची नाहीतर चीगोंग असा चिनी व्यायाम करणारा कुठलाही जथा घ्या. बीजिंगच्या टेंपल ऑफ हेवनमधला घ्या, हाँगकाँगच्या व्हिक्टोरिया पार्कातला घ्या किंवा आमच्या सिंगापुरातल्या तोआ पायोचा घ्या. माणसांनी शरीर आपसात वाटून घेतलेलं असतं. एक जण गुडघ्यांचा असतो. दुसऱ्याचा गुडघा पायाच्या अंगठ्यापुढे गेला की त्याला स्वतःला कळ येते. एक बाई कमरेच्या असतात, कुठलंही दुखणं सांगा, त्या ते कमरेत नेऊन सोडतात. एक श्वासाचा असतो, तो तुमच्या मागे उभा राहून तुमच्यापेक्षा मोठ्याने श्वास घेतो. आणि एक असतो जिभेचा.

बाकीच्यांशी वाद घालता येतो. गुडघा दिसतो, कंबर दिसते, श्वास ऐकू येतो. जीभ मात्र मिटलेल्या तोंडात असते. जिभेबद्दल कुणी काही म्हणालं तर ते खोडून काढायला तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडलं की जीभ जागची हलते, म्हणजे म्हणणारा बरोबर ठरतो. इतक्या पक्क्या तटबंदीच्या आत बसलेला तज्ज्ञ दुसऱ्या कुठल्या शास्त्रात सापडेल असं वाटत नाही.

आमच्या जथ्यातल्या या तज्ज्ञांना मी मनातल्या मनात टाळूमास्तर म्हणते. तोंडावर सगळे अंकलच म्हणतात, कारण सिंगापुरात पन्नाशी ओलांडलेला प्रत्येक पुरुष अंकल असतो. वय सत्तरीच्या पुढे. बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेले. अंगात कुठल्याशा शर्यतीत वाटलेला टी-शर्ट, पायांत कापडी बूट, कमरेला पाण्याची बाटली. ते जथ्याचे शिक्षक नव्हेत. शिक्षिका वेगळ्या आहेत. त्या पुढे उभ्या राहून चोवीस हालचालींचा ताय-ची घेतात. सामान्य माणसालाही जमावा म्हणून चीनच्या क्रीडाखात्याने १९५६ साली बेतलेला तो संच मास्तरांना अजून जमलेला नाही. सगळे डावीकडे वळले की ते उजवीकडे वळतात आणि शेजारणीच्या समोर उभे ठाकतात. त्याचं त्यांना काही वाटत नाही. हातपाय ही त्यांच्या मते बाहेरची बाब आहे. खरं काम आत चालतं, आणि तिथलं त्यांचं एकही पाऊल चुकत नाही.

तपासणीची वेळ ठरलेली नसते. आपण गुडघे किंचित वाकवून, डोळे अर्धवट मिटून, झाडाला कवेत घेतल्यासारखे हात धरून उभे असतो. अशा वेळी कानाशी हळूच आवाज येतो.

‘‘टंग व्हेअर?’’

आपली जीभ त्या क्षणापर्यंत कुठे होती हे आपल्याला ठाऊक नसतं. प्रश्न ऐकला की ती दचकते, खाली येते, दातांवर आपटते आणि मग धावत वर जाते. मास्तरांना हनुवटीखालची ती धावपळ दिसते. ‘‘नाऊ ओन्ली गो अप, लाह,’’ असं ते समाधानाने म्हणतात आणि पुढच्या माणसाकडे वळतात. आजवर त्यांचं निदान चुकलेलं नाही, आणि या पद्धतीत ते चुकण्याची सोयही नाही.

त्यांचं म्हणणं काय, ते एकदा नीट सांगायला हवं, कारण त्यामागे फार मोठी परंपरा उभी आहे. चिनी वैद्यकाप्रमाणे शरीरात शक्तीच्या वाहिन्या आहेत. त्यांतली दू माय ही पाठीच्या कण्यातून वर चढते, डोक्यावरून पुढे येते आणि वरच्या ओठाच्या आत, हिरडीपाशी संपते. रेन माय ही पोटाच्या मध्यरेषेवरून वर येते आणि खालच्या ओठाखालच्या खळगीत थांबते. दोन्हींच्या मध्ये तोंड नावाची दरी. जीभ टाळूला टेकवली की दरीवर पूल पडतो आणि शक्ती पाठीवरून वर, पोटावरून खाली, अशी फिरत राहते.

या पुलाला नाव आहे मॅग्पायांचा पूल. चिनी लोककथेतली विणकर मुलगी आणि गुराखी यांची ताटातूट झालेली असते, मध्ये आकाशगंगा. वर्षातून एकदा, सातव्या महिन्याच्या सातव्या तिथीला, मॅग्पाय म्हणजे कावळ्याच्या कुळातले काळे-पांढरे पक्षी एकत्र जमून आपल्या अंगांचा पूल करतात आणि दोघं भेटतात. ही दोघं आपल्याही ओळखीची आहेत. विणकर मुलगी म्हणजे आपला अभिजित तारा आणि गुराखी म्हणजे श्रवण. देवांनी त्यांना वर्षातून एक रात्र दिली. मास्तर रोज सकाळी सात ते आठ भेटवतात आणि एखादी आंटी मध्येच खोकली तर ताटातुटीचा सगळा दोष तिच्यावर येतो.

शास्त्राप्रमाणे दुसराही एक पूल आहे. तो खाली, बैठकीच्या जागी, स्नायू आवळून बांधायचा असतो. त्याची तपासणी मास्तर करत नाहीत, याबद्दल समस्त आंटीवर्ग त्यांचा ऋणी आहे.

पूल बांधला की तोंडात पाणी सुटतं. हे कुणालाही सुटतं. टाळूवर जीभ टेकवून गप्प बसा आणि बघा. परंपरेत या लाळेला रत्नासारखा मान आहे, तिला जेडचा रस म्हणतात. ती थुंकणं म्हणजे पाप. बसून करायच्या जुन्या आठ प्रकारांत तर जीभ तोंडभर फिरवायची असते, ‘लाल ड्रॅगन समुद्र घुसळतो’ असं त्याचं नाव, मग ती लाळ छत्तीस वेळा खळखळवायची आणि तीन घोटांत गिळून मनाने बेंबीखाली पोचवायची. माणसाला दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते, म्हणजे कच्चा माल मुबलक आहे. आमचा जथा शेवटी हा गिळण्याचा कार्यक्रम एकत्र करतो. दहाबारा माणसांचा एकसुरी गटक-गटक-गटक आवाज ऐकून जॉगिंग करणारी तरुण मंडळी रस्ता बदलतात.

अडचण एवढीच की बागेच्या कडेला कोपितियाम म्हणजे कॉफीचं दुकान आहे आणि साडेसातला तिथे पाव भाजायला घेतात. वर काया, म्हणजे नारळाचं दूध, अंडी, साखर आणि पांदानच्या पानांचा तो गोड लेप. वारा आमच्याकडे असेल त्या दिवशी प्रत्येकाची साधना एकदम फळाला येते. मास्तरांना हे मान्य नाही. टोस्टची लाळ पातळ असते, जेडची दाट असते आणि आपल्याला दोन्हींतला फरक कळतो, असं ते सांगतात. आठ वाजता सर्वांत आधी कायाटोस्टच्या रांगेत तेच उभे असतात, पण तोवर जेडची सत्ता संपलेली असते.

आता टाळू म्हणजे काही एक बिंदू नव्हे. ऐसपैस जागा आहे. एक परंपरा सांगते, वरच्या दातांच्या मागेच टेकवा. दुसरी म्हणते, टाळूच्या मध्यावर. तिसरी जीभ मागे वळवून थेट पडजिभेच्या वाटेला लावते. मास्तरांनी तारुण्यात दातांपासून सुरुवात केली आणि वयाबरोबर ते हळूहळू मागे सरकत आले. मधल्या प्रत्येक मुक्कामावर त्यांनी लोकांना शिकवलं असल्यामुळे त्यांचे जुने शिष्य आणि नवे शिष्य एकमेकांना पाखंडी समजतात.

पण खरं पाखंड वेगळंच. ल्यू ग्वेइजन हे अल्सरने बेजार झालेले चिनी कार्यकर्ते स्वतः एका जुन्या साधनेने बरे झाले आणि १९५० च्या दशकात त्यांनी हपेइ प्रांतात चीगोंगची आरोग्यधामं उभी केली. आज चीगोंग हा शब्द ज्या अर्थाने आपण वापरतो, तो रूढ होण्यात त्यांचा आणि त्यांच्या १९५७ च्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. त्यांच्या पद्धतीत श्वास आत घेताना जीभ वर जाते आणि सोडताना खाली येते. हे कळलं त्या दिवशी मास्तर कोपी न पिता घरी गेले. ‘‘पूल आहे की आमच्या बिल्डिंगची लिफ्ट?’’ असं ते दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला विचारत होते.

तसाच प्रसंग सहा ध्वनींच्या वेळी आला. श्यू, ह, हू, स, छ्वेइ, शी असे सहा उच्चार श्वासाबरोबर सोडून एकेका अवयवाला दिलासा देण्याची ही फार जुनी रीत. सहाव्या शतकात वारलेल्या थाओ होंगजिंग यांच्या लिखाणात ती सापडते आणि २००३ साली चीनने आरोग्यासाठी जाहीर केलेल्या चार संचांत तिला जागा मिळाली. शिक्षिकेने उत्साहाने ती घ्यायला सुरुवात केली. आता ‘स’ म्हणायचं तर जीभ टाळूवरून काढायला हवी. सगळी बाग फुस्स फुस्स करत होती आणि मास्तर ओठ घट्ट मिटून, डोळे वटारून, एकटे पूल सांभाळत उभे होते. यकृतापासून मूत्रपिंडापर्यंत सगळे अवयव त्यांनी त्या दिवशी वाऱ्यावर सोडले, पण पूल सोडला नाही.

बागेच्या दुसऱ्या टोकाला कुंग फूवाली पोरं असतात. त्यांनाही जीभ वर ठेवायला शिकवतात. ती पोरं कारण सरळ सांगतात: हनुवटीवर ठोसा बसला तर मध्ये सापडून जीभ तुटू नये. तोंड बंद, दात टेकलेले, जीभ वर आवरलेली. सामन्याच्या वेळी शिवाय तोंडात रबरी कवच. हे कारण मला फार पटतं. मास्तर त्यावर मान हलवतात, म्हणतात, कारण खरं आहे पण खालच्या इयत्तेचं आहे. मग ते शिंगयी या युद्धकलेचा दाखला देतात. तिच्यात शरीराची चार टोकं मानतात: केस हे रक्ताचं टोक, नखं स्नायुबंधांचं, दात हाडांचं आणि जीभ मांसाचं. जीभ जागी झाली की अंगातलं सगळं मांस जागं होतं. हे सगळं ते पोरांना समजावून सांगतात आणि पोरं ऐकून घेतात, कारण शर्यतीच्या टी-शर्टातल्या म्हाताऱ्याला ठोसा मारायचा नसतो, एवढं त्यांना शिकवलेलं आहे.

एव्हाना लक्षात आलंच असेल की मास्तर बोलतात फार. बंद तोंडाचं महत्त्व सांगणाऱ्या या माणसाचं तोंड मी मिटलेलं क्वचितच पाहिलं आहे. दुसऱ्याच्या पुलाची चौकशी करण्यासाठी ते दर मिनिटाला स्वतःचा पूल पाडतात. हे एका आंटीने त्यांना ऐकवलंही. ते म्हणाले, मी बोलतो तेव्हा मनाने पूल धरून ठेवलेला असतो. पुन्हा तेच. तपासणार कसं?

मागच्या हिवाळ्यात माझी आई तळेगावहून महिनाभर राहायला आली. आई मराठीची शिक्षिका होती, निवृत्त झाल्यावर लोणावळ्याच्या कैवल्यधामात जाऊन योगाचा अभ्यासक्रम करून आली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली काढलेली ही संस्था तिला इतकी जवळची की तिथली ‘हठप्रदीपिका’ ती प्रवासातही बरोबर ठेवते. तिला बागेत नेलं. पहिल्याच दिवशी मास्तर तिच्या कानाशी आले.

‘‘आंटी, टंग व्हेअर?’’

आईने डोळे उघडले. तिला घाबरायचं कारण नव्हतं. वर्गात मुलांच्या जिभा जागेवर आणण्यात तिचा जन्म गेला होता.

‘‘अगं, विचार त्यांना,’’ ती मला म्हणाली, ‘‘दंत्य म्हणतायत की मूर्धन्य? लच्या जागी लावायची की ळच्या?’’

मी भाषांतराचा प्रयत्न केला. मास्तरांच्या होक्येन या चिनी बोलीत ळ नाही, मँडरिनमध्ये नाही, इंग्रजीत नाही. पाश्चात्त्य शिष्यांना शिकवताना पुष्कळ शिक्षक ‘एल म्हणताना जीभ टेकते तिथे’ अशी खूण सांगतात आणि तिथेच थांबतात, कारण पुढची खूण त्यांच्यापाशी नसते. आईने मला बाजूला केलं.

‘‘म्हणा, बाळ.’’

‘‘बाल,’’ मास्तर म्हणाले.

‘‘बाल नाही. जीभ मागे वळवा. बाळ. काळ. कमळ.’’

‘‘बाल. काल.’’

‘‘परत.’’

हा ‘परत’ मी लहानपणी पुष्कळ ऐकलेला आहे. त्याच्यापुढे कुणाचं चालत नाही. सातव्या-आठव्या खेपेला मास्तरांच्या तोंडून कसाबसा ळ निघाला आणि ते जागच्या जागी थबकले. जीभ टाळूच्या नेमक्या मध्यावर टेकली होती. इतकी वर्षं चाचपडत शोधलेली जागा, आणि या बाईंनी ती एका अक्षरात बांधून ठेवलेली! मी त्यांना मग आपल्या वर्णमालेची गोष्ट सांगितली, क पासून म पर्यंत जीभ आणि ओठ यांच्या जागा गळ्यापासून बाहेरच्या दिशेने ओळीने लावलेल्या आहेत, आणि हे आमची मुलं पहिलीत घोकतात. ते ऐकून मास्तरांनी आईला वाकून नमस्कार केला. तेव्हापासून आमच्या जथ्यात ‘टंग व्हेअर’ बंद झालं आहे. मास्तर येतात आणि कानाशी विचारतात, ‘‘बाळ?’’ आपण पुटपुटायचं, ‘‘बाळ,’’ आणि तोंड मिटायचं. होक्येन बोलणाऱ्या दहाबारा म्हाताऱ्या माणसांनी सूर्योदयाला पर्जन्यवृक्षाखाली उभं राहून बाळ बाळ करावं, हे दृश्य पाहायला मराठी माणसाने एकदा तरी यावं.

इथवर मास्तर खूश होते. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे इंडियातही जीभ वर ठेवतात का? त्यांच्या डोळ्यांपुढे अर्थातच बोधिधर्म होता. भारतातून गेलेल्या या भिक्षूने शाओलिनला व्यायाम शिकवला, अशी श्रद्धा त्यांच्याकडे पक्की आहे. त्याच्या नावावरचं स्नायुपरिवर्तनाचं पुस्तक प्रत्यक्षात सतराव्या शतकातलं, असं अभ्यासक म्हणतात, पण श्रद्धेला ते ऐकू जात नाही. आई म्हणाली, ठेवतात की. घेरंडसंहितेत नभोमुद्रा आहे, कुठेही असा, काहीही करा, जीभ सदा वर. मास्तरांनी मान डोलावली. आई पुढे म्हणाली, आणि खेचरी आहे.

खेचरी तिने वर्गात समास शिकवावा इतक्या शांतपणे सांगितली. जीभ वळवून टाळूच्या मागच्या पोकळीत घालायची. ती तिथवर पोचत नाही, म्हणून जिभेखालचा पडदा कापायचा. हत्यार निवडुंगाच्या पानासारखं, धारदार आणि स्वच्छ. एका वेळी केसाएवढंच कापायचं, मग त्यावर सैंधव आणि हिरड्याची पूड चोळायची. सात दिवसांनी पुन्हा केसाएवढं. असं सहा महिने. शिवाय जीभ रोज हलवायची, ओढायची, दोहायची, ती बाहेर काढून भुवयांच्या मध्यापर्यंत पोचली पाहिजे.

मी वाक्यावाक्याला इंग्रजी करत होते. ‘हिरडा’वर अडले, पण मास्तरांना हिरड्यात रस राहिलेला नव्हता. त्यांनी तोंड मिटलं होतं. चांगलं दहा मिनिटं ते मिटलेलंच होतं, तळहात ओठांवर. ‘‘हे वाचायचं असतं हो, करायचं नसतं,’’ असं आई घाईघाईने म्हणाली, तेही मी सांगितलं. आपण जगात सर्वांत कडवे आहोत असं समजणाऱ्या माणसाला आपल्याहून कडवा माणूस अडीच हजार मैलांवरून येऊन, कॉटनच्या साडीत आणि स्पोर्ट्स शूजमध्ये समोर उभा राहिला की काय होतं, ते त्या दिवशी पाहिलं. ‘‘इंडियन व्हेरी फिअर्स,’’ ते नंतर शिक्षिकेला सांगत होते.

घरी मात्र मास्तरांना कुणी विचारत नसे. मुलगा-सून कामावर, नातू चौदा वर्षांचा, फोनमध्ये. अलीकडे एके दिवशी ते उजळलेल्या चेहऱ्याने आले. नातू जीभ वर ठेवतो! काही विचारलं तर बोलत नाही, ओठांवर बोट ठेवतो, मग ते बोट जबड्याच्या कडेवरून फिरवतो. म्हणजे पूल चालू आहे, त्रास देऊ नका. ही मुलांमधली म्यूइंगची साथ होती. जॉन म्यू या ब्रिटिश दंतवैद्यांच्या नावावरून आलेली ती टूम, जीभ टाळूला दाबून धरली की जबडा रेखीव होतो अशी मुलांची समजूत, आणि तसं होतं याला सबळ पुरावा नाही. गृहपाठाची चौकशी टाळायला तर ती फारच सोयीची. मी यातलं काही बोलले नाही. आजोबा आणि नातू जेवणाच्या टेबलावर समोरासमोर, दोघांच्या जिभा टाळूला, आणि सून दोघांना भात वाढत्येय, एवढं सुख त्या घरात बऱ्याच दिवसांनी आलं होतं.

खरा घाव घातला एका दातांच्या डॉक्टरने. कवळीच्या मापाला गेले असता मास्तरांनी त्याचीही तपासणी घेतली. तो म्हणाला, अंकल, तोंड मिटून नाकाने श्वास घेणाऱ्या माणसाची जीभ विश्रांतीत आपोआपच वर, दातांच्या मागे टेकलेली असते. तिची जागाच ती. म्हणजे बागेत येणारे, न येणारे, कोपितियाममधले, बसमध्ये झोपलेले, सगळेच पूल बांधून फिरतायत आणि कुणाला त्याचा पत्ता नाही. मास्तर दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते उत्तर घेऊनच. ‘‘पाय पण सगळ्यांनाच असतात,’’ ते म्हणाले. ‘‘म्हणून सगळ्यांना उभं राहता येतं?’’ चीगोंगमध्ये एकाच जागी नुसतं उभं राहायला शिकण्यात माणसांची वर्षं जातात, हे ज्याला माहीत आहे त्याला या उत्तराला उत्तर देता येत नाही. मला तरी आलं नाही.

यांग चंगफू हे यांग घराण्याच्या ताय-चीचे मोठे आचार्य. १८८३ ते १९३६ हा त्यांचा काळ. त्यांनी तोंडी सांगितलेली आणि त्यांचे शिष्य छन वेइमिंग यांनी लिहून घेतलेली दहा सूत्रं जगभर प्रमाण मानली जातात. मास्तर दर वादात त्यांचीच शपथ घेतात. त्या दहांत डोकं आहे, छाती आहे, कंबर आहे, खांदे-कोपर आहेत, मन आहे. जीभ नाही. तोआ पायोला कधी आलात तर हे त्यांच्यापाशी काढू नका, एवढी विनंती आहे. ‘बाळ’ म्हणा आणि गप्प उभे राहा.